पंख्याचं काम: पातं नवं, तडा जुन्याच जागी

गाडीच्या रेडिएटरमागच्या चार पात्यांच्या पंख्यात तिसऱ्या पात्याच्या मुळाशी पुन्हा तडा. शीट नवीन, बॅलन्स चोख, तरी जागा तीच: आतून दुसऱ्या रिव्हेटच्या भोकापासून मागच्या कडेकडे ९ मिमी. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता, आवाजाने पकडला. स्पायडर (ज्याच्या हातांवर पाती रिव्हेटने बसतात तो मधला भाग) व्हाइसमध्ये घट्ट धरायचा, पात्याच्या टोकावर रबरी हातोडीने हलकं ठोकायचं आणि फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये आकडा वाचायचा. तीन पाती ७४ हर्ट्झवर, हे एकच ६६ वर; तड्याने पातं ढिलं पडतं, म्हणून आकडा उतरतो. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारल्यावर लाल रेघ उमटलीच. जुना पंखा चढवण्याआधी ही फुकटची चाचणी कराच. आणि इंजिनला रेस देताना पंख्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. सुटलेलं पातं बॉनेट फाडून बाहेर येतं.

आता कारण. वर रेडिएटरची टाकी, खाली क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी). दोन्ही ठिकाणी हवा अडते, म्हणून प्रत्येक पात्याला एका फेऱ्यात दोन धक्के बसतात. नेहमीच्या वेगाला इंजिन २६००, पुलीचं गुणोत्तर १.१, म्हणजे पंखा २८६० आरपीएम: सेकंदाला ४७.७ फेरे, ९५ धक्के. स्थिर पातं ७४ ला वाजतं खरं, पण फिरताना केंद्रोत्सारी ताणाने ते ताठ होतं. ७४ च्या वर्गात ४७.७ च्या वर्गाची १.६ पट मिळवून (१.६ हा ढोबळ गुणक) वर्गमूळ काढलं की ९५ च येतात! गाडी नेमकी रेझोनन्सवरच धावते आहे, म्हणजे धक्क्यांचा ठेका पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतो आणि पातं जोरात थरथरतं.

पाती सारख्या ९० अंशांऐवजी आलटून पालटून ७०-११० अंशांवर लावली तर पंख्याची शिट्टी कमी होते, एकेका पात्याला बसणारे धक्के तेवढेच राहतात. त्यामुळे तो पर्याय बाद.

शीट १.६ ऐवजी २ मिमी घेतली तर कागदावर ९२ हर्ट्झ मिळतात. स्पायडरचे हातही लवतात, म्हणून ८५ धरले. रेझोनन्स इंजिनच्या ३००० आरपीएमजवळ सरकतो. मात्र रिव्हेटवरचा ओढा २५ टक्के वाढतो, तेव्हा भोकं ४.८ ने पाडून ५ मिमी रीमरने साफ करायची, दोन्ही बाजूंची बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार कोर) काढायची आणि भरीव रिव्हेटच ठोकायचे. पोकळ पॉप रिव्हेट इथे नकोतच. लेझरने कापलेली कड कडक आणि खरबरीत राहते. ती लांबीच्या दिशेने कानस मारून गुळगुळीत करावी, आडवे ओरखडे ठेवू नयेत.

हे लिहिताना पुलीचा विचार आला. १:१ केली तर हवा ९ टक्के घटते, पंख्याने खाल्लेली ताकद मात्र २५ टक्के वाचते, कारण ती वेगाच्या घनाने बदलते. पण वॉटर पंपही त्याच शाफ्टवर आहे, आयडलिंगला पाणी तापेल. त्यापेक्षा धक्केच कमी करावेत: पंखा रेडिएटरपासून १५ ऐवजी ४० मिमीवर, भोवती गोल श्राउड (हवा वळवणारी पत्र्याची रिंग), टोकाला १२ मिमी मोकळीक (इंजिन माउंटवर डुलतं, याहून कमी नको) आणि पात्याची अर्धी रुंदी रिंगच्या आत. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग शीट कापायची. २ मिमीची पाती तोवर थांबतील.

पिचचं (पात्याच्या तिरकेपणाचं) काम मात्र झकास जमलं: मुळाशी ३८ अंश, टोकाला २४, चारही पाती अर्ध्या अंशाच्या आत. चुंबकी डिजिटल अँगल गेज यासाठी घ्यावंच.