वाकळेच्या पोटात

देवगड तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत आम्ही काही जणी मिळून वाकळा शिवतो. या व्यवसायात नव्या वाकळेपेक्षा जुन्या वाकळेची दुरुस्ती मला नेहमीच अधिक अवघड वाटते, कारण नव्या वाकळेत कोणते कापड कुठे घालायचे हे आम्ही ठरवतो, तर जुन्या वाकळेत ते दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते.

गेल्या गणपतीत मुंबईहून गावी आलेल्या एक बाई अशीच एक जड वाकळ घेऊन आल्या. घर पावसाळाभर बंद होते, त्यामुळे वाकळेला कुबट वास येत होता आणि एका कोपऱ्यावर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. वरचे फुलाफुलांचे कापड ठिकठिकाणी विरले होते. ते काढून नवे लावावे आणि विसर्जन करून मुंबईला परतण्यापूर्वी वाकळ हातात मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. भाद्रपदातल्या दमट हवेत शिवलेली वाकळ आतून कुजते, म्हणून मी घाईला नकार दिला; ऑक्टोबरचे कडक ऊन दाखवल्याशिवाय मी ती बंद करणार नाही, हे त्यांनी मान्य केले.

जुनी वाकळ मालकिणीच्या समक्षच उसवायची, हा माझा नियम आहे. आधी वरच्या कापडाचा एक धागा काढून काडीच्या ज्योतीवर धरला. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. हा मात्र आक्रसला आणि टोकाला कडक मणी झाला, म्हणजे कापड कृत्रिम धाग्याचे होते. मग एक बाजू उसवली. आत दोन विटकी नऊवारी लुगडी निघाली. त्यांपैकी हिरव्याचे काठ अजून शाबूत होते. त्यांच्याखाली शिवणी उसवून सपाट केलेली शाळेची खाकी अर्धी विजार होती. आणि त्याच्याही खाली, अखंड, एक लहानशी वाकळ होती, जाड मांजरपाटाची, जिच्या कोपऱ्यावर गिरणीचा निळसर शिक्का अर्धवट वाचता येत होता. त्यावर कापडाची लांबी वारांत छापलेली होती. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा हे कापड बहुधा त्याच्या आगेमागेचे असावे.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांत वडीलही होते, आणि पुढे ते गावी परतले ते कायमचे. आमच्याकडच्या वयस्क काकींनी दोन्ही वाकळांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ह्येच्यात दोन हात आसत." ते खरे होते. आतल्या वाकळेचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा होता आणि गाठी थरांत दडवलेल्या होत्या. बाहेरच्या वाकळेचा टाका लांब, घाईचा, गाठी वरच दिसणाऱ्या. आतला हात आजीचा आणि बाहेरचा आईचा, असे बाईंनी सांगितले. मला आईचा टाका कमी प्रतीचा वाटला नाही. घरी पगार येत नसताना, दिवसभराच्या कामानंतर चिमणीच्या उजेडात घातलेला टाका लांबच पडणार.

काम कसे करायचे ते तिथेच ठरले. आतली वाकळ उसवायची नाही. विरलेले वरचे कापड काढून त्या जागी आधी धुऊन आटवलेले सुती कापड लावायचे, कारण न आटवलेले नवे कापड पहिल्याच धुण्यात आकसते आणि जुन्या थरांना ओढून फाडते. दोराही सुती आणि बारीक घ्यायचा. दोरा कापडापेक्षा बळकट असला तर ताण पडताच दोरा टिकतो आणि कापड तुटते. टाके शक्यतो आईच्या जुन्या भोकांतूनच घ्यायचे, कडेपासून आत वळत जाणाऱ्या तिच्याच ओळींनी.

मजुरीचा आकडा ऐकून बाईंसोबत आलेले नातेवाईक म्हणाले, "एवढ्यात दोन नवी ब्लँकेटे येतील." ते खरेच होते, पण मी दर कमी केला नाही. या कामात पैसे कापडाचे नसतात, बसून शिवणाऱ्या बायकांच्या दिवसांचे असतात, आणि दर उतरवला तर तो त्यांच्याच मजुरीतून उतरतो. बाईंनी अर्धी रक्कम आगाऊ दिली आणि शिक्का झाकला जाऊ नये, एवढे सांगितले. म्हणून त्या कोपऱ्यावर वरच्या थरांना झडप ठेवून दोन नाड्या लावल्या. त्या सोडल्या की मांजरपाट आणि त्यावरचा शिक्का दिसतो. ऑक्टोबरमध्ये उन्हे पडली, तशी वाकळ दोन्ही अंगांनी वाळवून पुरी केली आणि दसऱ्यानंतर टपालाने मुंबईला पाठवली.