पहिला व्हॉल्व्ह कोणता लावावा?

माझा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अँप्लिफायर ऐकायला नागपुरात बर्डीवरच्या माझ्या खोलीत आलेले बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "पहिल्या टप्प्यात ईसीसी ८३ का नाही? ती तर सर्वांत जास्त वर्धन देते ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. (ईसीसी ८३ आणि पुढची तशीच नावे ही वेगवेगळ्या नळ्यांची; वर्धन म्हणजे संकेत किती पट मोठा होतो ते.)

ईसीसी ८३ चा वर्धनांक (नळीचे कमाल वर्धन) १०० आहे हे खरे, आणि प्रत्यक्ष जोडणीत त्यातून पन्नास-साठ पट वर्धन मिळते. परंतु ते हवे आहे का, हे मागून येणाऱ्या आणि पुढे पोहोचवायच्या संकेतावर ठरते. माझ्याकडे शेवटच्या, स्पीकर चालवणाऱ्या टप्प्यात एकच ईएल ८४ आहे. तिला पूर्ण आवाजासाठी ग्रिडवर (संकेत जिथे दिला जातो त्या टोकावर) सुमारे ४.३ व्होल्ट लागतात, आणि सीडी प्लेअर मुळातच २ व्होल्ट देतो. हे गणित न करता मी पहिल्या सेटमध्ये ईसीसी ८३ लावली होती. परिणाम असा की पॉट (आवाजाची कळ) जरासा फिरवताच स्पीकर ओरडू लागे, आणि त्याखाली, जिथे ऐकायचे तिथे, डावा-उजवा आवाज समान येत नसे, कारण जोडपॉटाचे (एकाच दांड्यावरच्या डाव्या-उजव्या पॉटांचे) दोन भाग अगदी सुरुवातीला नेमके जुळत नाहीत.

मग ईसीसी ८२ घेतली. पाया आणि फिलामेंट (नळी तापवणारी तार) सारखेच असले तरी नुसती अदलाबदल चालत नाही. अॅनोड आणि कॅथोड (नळीचे धन आणि ऋण टोक) यांचे रेझिस्टर बदलावे लागतात. आता वर्धन सुमारे चौदा पट आहे, आणि त्यातलेही जे उरते ते ऋण पुनर्भरणात (बाहेर पडलेल्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत देण्यात) खर्च केल्याने विकृती कमी होते. रेकॉर्ड प्लेअरच्या पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, तिथे मात्र ईसीसी ८३ शिवाय मी दुसरी शोधणार नाही. फक्त घेण्याआधी पेन्सिलीच्या रबरी टोकाने हळूच ठोकून पाहावी, स्पीकरमध्ये घंटा वाजली, म्हणजे नळी धक्क्यांचाही आवाज करते, तर परत करावी.

शेवटच्या टप्प्यात ईएल ३४ का नाही, हेही विचारले जाते. तिच्या अॅनोडची उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॅट, ईएल ८४ ची १२. शिवाय ईएल ३४ चे फिलामेंटच दीड अँपिअर खाते. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर चालू असताना, तेवढी शेगडी खोलीत कशाला? माझ्या ईएल ८४ च्या कॅथोडला १५० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यावर ७.५ व्होल्ट मोजले म्हणजे ५० मिलिअँपिअर, पैकी सुमारे ५ स्क्रीनचे (नळीतल्या दुसऱ्या ग्रिडचे). २५० व्होल्टच्या पुरवठ्यावर अॅनोडचा ताप अकरा वॅटच्या आसपास राहतो. विजेचा दाब चढला तरी थोडी जागा उरते.