आज नाही

शनिवार, 12 एप्रिल 2025

ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, त्यांच्या क्रमांकावरून आज सकाळी संदेश आलेला दिसला, तेव्हा तो उघडण्याआधी माझ्या मनात आले की यांचा संदेश दिवसाउजेडी कसा? गेल्या बारा वर्षांत रात्री दहाच्या आधी त्यांनी आमच्या हौशी तारानिरीक्षकांच्या समूहावर काही लिहिल्याचे मला आठवत नाही. संदेशात दोनच वाक्ये होती. 'मी त्यांची मुलगी. बाबा काल रात्री गेले.' मी त्यांचा त्याआधीचा संदेश शोधला. तो बुधवारी रात्रीचा होता. 'टी कोरोनी 9.9. चंद्राचा त्रास. आज नाही.'

हे 'आज नाही' समूहाबाहेरच्या कोणाला सांगायचे झाले, तर आधी ताऱ्याची गोष्ट सांगावी लागते. उत्तर मुकुट या छोट्या तारकासमूहात टी कोरोनी बोरिआलिस नावाचा एक आवर्ती नवतारा आहे. खरे तर ती एक जोडी आहे. त्यातल्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचे द्रव्य शेजारच्या श्वेत बटूवर, म्हणजे इंधन संपलेल्या छोट्या ताऱ्यावर, साचत राहते आणि पुरेसे साचले की त्या थराचा स्फोट होतो. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद. एरवी दहाव्या प्रतीचा, म्हणजे दुर्बिणीवाचून न दिसणारा हा तारा त्या वेळी दुसऱ्या प्रतीपर्यंत उजळतो, आणि काही दिवस तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. 1866 च्या मे महिन्यात असे झाले, नंतर 1946 च्या फेब्रुवारीत झाले, आणि ऐंशी वर्षांचा हिशेब धरला तर आता पुन्हा व्हायला हवे. काका दररोज रात्री गच्चीवर जाऊन तो तारा पाहत, त्याची प्रत ठरवत आणि आम्हाला कळवत. आम्ही पन्नासएक माणसे तो आकडा वाचून झोपत होतो.

मी त्यांना कधीही भेटले नाही. त्यांचा आवाजही ऐकला नाही.

रविवार, 13 एप्रिल

दिवसभर संदेशांचा पूर लोटला आहे. त्यांतले निदान दहा जण म्हणतात की काका आता स्वतःच तारा झाले. एकाने लिहिले आहे की ताऱ्याचा प्रकाश जसा तारा विझल्यावरही येत राहतो, तसे काका आमच्यासोबत राहतील. भावना खरी आहे, मान्य. परंतु हे वाचताना मला हसू आवरले नाही, कारण या उपमेवर काका किती तुटून पडत, हे लिहिणाऱ्यांपैकी अर्ध्यांना तरी ठाऊक आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे इतके जवळचे आहेत की ते जवळपास सगळे आजही जिवंत असणार, आणि जो तारा विझलेला नाही त्याला कवितेसाठी मारू नये, असे त्यांनी एकदा मला ठणकावून सांगितले होते. आमचा टी कोरोनी मात्र सुमारे 3000 प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे ज्या स्फोटाची आम्ही वाट पाहतो आहोत तो तिकडे केव्हाच होऊन गेला असेल. याबद्दलही त्यांना कविता नको असे. 'आपल्याला दिसेल तेव्हा झाला, असे नोंदवहीत लिहायचे,' एवढेच त्यांचे म्हणणे.

सगळेच त्यांना प्रेमळ म्हणत आहेत. ते प्रेमळ होते, पण ती माझी पहिली आठवण नव्हे. समूहात आल्यावर काही महिन्यांनी मी मीरा या रूपविकारी ताऱ्याची प्रत कळवली होती. मीरा सुमारे 332 दिवसांच्या आवर्तनात उजळतो आणि मंदावतो, तेव्हा त्या आठवड्यात तो किती असायला हवा हे मी आधीच वाचले होते, आणि वाचलेला आकडाच मला आकाशात दिसला. काकांनी सर्वांसमोर विचारले, 'तुम्ही तारा पाहिलात की भाकीत पाहिलेत? तुलना कोणत्या ताऱ्यांशी केलीत?' मला उत्तर देता आले नाही. दोन दिवस मी समूहाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतंत्रपणे मीराचा नकाशा पाठवला. त्यावर तुलनेचे तारे खुणा करून दाखवले होते, आणि खाली लिहिले होते की माझा आकडा वाचण्याआधी तुमचा कागदावर लिहून ठेवत जा, म्हणजे माझी चूक तुम्हाला लागणार नाही. लहानथोर सर्वांना ते 'तुम्ही'च म्हणत, अगदी शाळकरी मुलांनासुद्धा.

2019 च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी (बीटलज्यूस) मंदावू लागला आणि तो आता फुटणार असा गलबला झाला, तेव्हाही त्यांनी तोच प्रश्न प्रत्येकाला विचारला. रोहिणीशी ताडून पाहिलात का? मृगातल्याच बेलाट्रिक्सशी पाहिलात का? फेब्रुवारी 2020 मध्ये काक्षी जवळपास बेलाट्रिक्सइतका मंद झाला, तो आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी मोजला, आणि नंतर तो सावरतानाही मोजला. तो धुळीचा पडदा होता असे पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले. फुटला नाही म्हणून आम्ही थोडे हिरमुसलो होतो. काका नव्हते.

बुधवार, 16 एप्रिल

आज कामाच्या ठिकाणी एका सहकाऱ्याने माझा चेहरा पाहून चौकशी केली. एक जवळचे गृहस्थ गेले, असे मी म्हणाले. 'नात्यातले का?' नाही. 'शेजारी?' नाही. मग मी ताऱ्यांबद्दल सांगू लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सहानुभूती हळूहळू कुतूहलात बदलली. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाला एक नाव दिले होते. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर ज्या शोकाचा हक्क समाज मान्य करत नाही तो शोक. नाव आहे एवढ्याने थोडे बरे वाटले. तरी माझी अडचण समाजाची नाही, माझीच आहे. ज्यांच्या घरात त्यांची खुर्ची रिकामी झाली, त्यांच्यासमोर आमच्या रिकाम्या रात्रींचे काय सांगायचे?

रात्री त्यांच्या मुलीनेच ही कोंडी फोडली. बाबांच्या वह्या सापडल्या आहेत, पानोपानी 98 आणि 102 असे आकडे आहेत, त्याचा अर्थ कोणी सांगेल का, असे तिने विचारले. पाच मिनिटांत तिला अठरा उत्तरे गेली. ते 9.8 आणि 10.2 प्रतीचे तुलनेचे तारे. नकाशावर दशांशचिन्ह छापत नाहीत, कारण ते टिंब तारा समजले जाण्याची भीती असते. बाबा या दोघांच्या मध्ये आपला तारा कुठे बसतो ते डोळ्याने ठरवत. तिने आणखी विचारले की काही ओळींत आकड्याऐवजी नुसते 'ढग' का लिहिले आहे, आणि काही ठिकाणी आकड्याआधी कोनासारखी खूण का आहे. ती खूण 'यापेक्षा मंद' हे सांगते. तारा दिसलाच नाही, पण अमुक प्रतीपर्यंतचे तारे दिसत होते, एवढे तरी त्यावरून पुढच्या माणसाला कळते. न दिसणे हीसुद्धा नोंदच, हे काकांचे ठाम मत होते, आणि त्यांच्या 'आज नाही'चा अर्थ तोच होता.

तिने लिहिले, 'आम्हाला वाटायचे, त्यांना झोप येत नाही म्हणून ते वर जातात.'

त्यांच्या नोंदी अमेरिकेतल्या ज्या संस्थेकडे जात, ती 1911 पासून रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे गोळा करत आहे, हेही तिला कोणीतरी सांगितले. तिथे प्रत्येक निरीक्षकाला एक ओळख-संकेत असतो. ताऱ्याच्या आलेखात हयात आणि दिवंगत निरीक्षकांचे ठिपके सारखेच दिसतात. उद्या कोणी 2024 सालचा आलेख काढला, तर त्यात तिच्या बाबांचे ठिपके असतील. समूहातल्या सगळ्या श्रद्धांजलींत मला ही एक माहिती सर्वांत सांत्वनाची वाटली, आणि ती देणाऱ्याला आपण सांत्वन करतो आहोत याची जाणीवही नसावी.

रविवार, 27 एप्रिल

अमावास्या. आकाश स्वच्छ.

गेले दोन आठवडे रोजची नोंद कोणी टाकायची यावर समूहात चमत्कारिक संकोच आहे. आकडे येतात, चार-पाच जणांचे येतात, पण 'आज नाही' हे शब्द कोणी लिहीत नाही. एकाने ती जबाबदारी आळीपाळीने घेण्याचे वेळापत्रक सुचवले. कोणी होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

काकांना लेस्ली पेल्टिअर यांची गोष्ट फार आवडे. हा अमेरिकन हौशी निरीक्षक 1920 पासून टी कोरोनीवर नजर ठेवून होता आणि फेब्रुवारी 1946 मध्ये एका पहाटे सर्दीमुळे बरे वाटेना म्हणून पुन्हा अंथरुणात शिरला. नेमका त्याच रात्री तारा उजळला. या जानेवारीत काकांनी लिहिले होते, 'मलाही सर्दी आहे, म्हणून दोनदा वर जाऊन आलो.' आणि 27 मार्चला उद्रेक होणार असे भाकीत गाजले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले होते, की तारीख ताऱ्याला कळवली आहे ना? त्या रात्रीही त्यांचा संदेश नेहमीच्याच वेळी आला होता, नेहमीच्याच शब्दांत.

आज अकरा वाजता मी वर गेले. उत्तर मुकुटातल्या एप्सिलॉन ताऱ्यापासून अंशभर खाली उतरले, तारा सापडला, 98 पेक्षा किंचित मंद आणि 102 पेक्षा बराच उजळ. 9.9. कागदावर लिहिले आणि मगच फोन उघडला. महिन्याभरापूर्वी समूहात आलेल्या एका नव्या सदस्याचा संदेश होता: 'टी कोरोनी 8.4!!' खाली पंधरा जणांचे प्रश्न, शंका, आनंद, एकाचे तर 'काका, ऐकताय ना?' मी आत्ताच तारा पाहिला होता, तरीही माझे काळीज धडधडले.

मी लिहिले, 'तुलना कोणत्या ताऱ्यांशी केलीत?' पाठवल्यावर वाचले, तर प्रश्न कोरडा वाटला. म्हणून तुलनेचे तारे खुणा केलेला नकाशा त्याला वेगळा पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत आणखी एकदा खात्री करावी म्हणून पुन्हा गच्चीवर गेले. पुन्हा 9.9 च. खाली आले तेव्हा त्याचे उत्तर आले होते. त्याने शेजारचाच तारा पाहिला होता. 'माफ करा, आता बरोबर सापडला, 100 च्या आसपास वाटतो. म्हणजे आज नाही ना?'

कोणीच काही बोलत नव्हते. मी लिहिले, 'नाही. आज नाही. तुमचा आकडा नोंदवून ठेवा.'