म्हातारपणी भावंडांचा शेजार

आम्हा चौघा भावंडांपैकी तिघे आता नागपुरात वर्धा मार्गालगतच्या, ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधलेल्या एका गृहसंकुलात राहतो. ताई आणि मी एका इमारतीत, दादा आणि वहिनी समोरच्या इमारतीत. हे ऐकले की लोकांना आधी कौतुक वाटते आणि मग ते हमखास विचारतात, "मग एकच मोठे घर का नाही घेतले?" उतारवयात भावंडांनी जवळ राहावे असे मला मनापासून वाटते, पण ते निभायचे असेल तर प्रत्येकाचे दार वेगळे असले पाहिजे, याबद्दलही माझ्या मनात शंका नाही.

वेगळ्या इमारतीची अट वहिनीची होती. घरे घेण्याआधी तिने आम्हाला समोर बसवून सांगितले की दोन्ही नणंदा हाकेच्या अंतरावर असाव्यात, एका जिन्यावर नसाव्यात. येण्याआधी फोन करावा आणि रोजचा स्वयंपाक ज्याचा त्याने करावा. ताईला ते लागले. मला मात्र वहिनीचे म्हणणे तेव्हाच पटले. महालातल्या आमच्या वाड्यात तिने सासू-सासऱ्यांचे सगळे शेवटपर्यंत केले आणि स्वतःच्या मनासारखा ओटा तिला पहिल्यांदा मिळाला तो इथे, साठी उलटल्यावर. शिवाय आम्ही तिघे एकत्र बसलो की बोलणे वाड्यावर, आईवर, गल्लीतून जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीवर जाते आणि त्यात वहिनीला जागाच उरत नाही. भावंडांच्या शेजाराचा विचार करताना लोक रक्ताच्या नात्याचा करतात. लग्न होऊन त्या घरात आलेल्या माणसाला तो शेजार रोज कसा वाटेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो वहिनीने स्वतःच विचारला, म्हणून आजही हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की सांबारवडीचा पहिला डबा तिच्याकडूनच आमच्याकडे येतो.

जवळ असण्याचा खरा उपयोग मला उन्हाळ्यात कळला. मेअखेरीच्या नवतप्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी संकुलात चिटपाखरू दिसत नाही. ताईला एसीची हवा सोसत नाही. तिला वाळ्याच्या ताट्यांचा कूलरच हवा असतो, आणि त्याची टाकी दादा रोज सकाळी येऊन भरतो. दुपारी चार वाजता तो तिला फोन करतो. अशाच एका दुपारी दोन वाक्यांतच त्याच्या लक्षात आले की ताई शब्द चाचपडते आहे. खाली कक्षात परिचारिका होती, तिने तपासले तेव्हा रक्तदाब ठीक निघाला. पण दादा म्हणाला, "ही अशी बोलत नाही," आणि तिला इस्पितळात नेले. रक्तातले सोडियम उतरले होते. उन्हाळ्यात वृद्धांच्या बाबतीत असे होते आणि गोंधळलेले बोलणे हे त्याचे एक लक्षण असते. परंतु बोलणे गोंधळले आहे हे कळायला त्या माणसाचे एरवीचे बोलणे कानात असावे लागते. मुले पुण्याला किंवा परदेशी असतात, त्यांना फोन रात्री होतो.

घर पाहताना बागेपेक्षा न्हाणीघर पाहावे. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. रुंद दारे, चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी, धरायला दांडे, हे सारे स्वतः जाऊन तपासावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कागदपत्रांची, आणि ती मी आग्रहाने लिहिते आहे. ताई विधवा आहे, तिला मूलबाळ नाही आणि तिने हे घर स्वतःच्या नोकरीच्या पैशातून घेतले. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १५ नुसार अशा स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते. आईवडील त्यांच्यानंतर येतात आणि भावंडे त्याहीनंतर. केवळ आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता माहेरी परतते. सासरच्यांनी कधी विचारपूस केली नसली तरी कायदा बदलत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशाच एका विधवेच्या प्रकरणात पतीच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला होता. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही निर्वाहाची जबाबदारी मुलानातवंडांवर टाकतो आणि अपत्य नसेल तर मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसाने मिळणार आहे, त्या नातेवाइकावर. म्हणजे टाकी भरणारा भाऊ कायद्याच्या हिशेबात बराच लांब उभा असतो. हे कळल्यावर ताईने मृत्युपत्र केले. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नसते, तरी आम्ही ती करून घेतली. ताईने घर कोणाला दिले हे आम्ही विचारले नाही. तिच्या मर्जीने जावे एवढेच आम्हाला हवे होते.

अमरावती जिल्ह्यातला धाकटा भाऊ मात्र इथे यायला तयार नाही. वरूडकडे त्याची संत्र्याची बाग आहे, मुलगा-सून जवळ आहेत, आणि झाडे सोडून इमारतीत राहायचे कशाला, हे त्याचे म्हणणे मला अगदी रास्त वाटते. भाऊबीजेला आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या तोडणीची गडबड असली तरी तो येतो आणि संकुलाच्या पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम करतो. यंदा मात्र वहिनीनेच त्याला फोन करून आपल्या घरी उतरायला सांगितले आहे.