तळघरातल्या पिंक्या

शेजारणीच्या तळघरातला फ्रीझर पहिल्यांदा उघडला, तेव्हा सगळ्यात वरच्या पिशवीवर मार्करने लिहिलं होतं, ‘पिंकी – ५०’. आमच्या परळच्या चाळीत तीन पिंक्या होत्या, त्यातली एक माझी मामेबहीण. त्यामुळे मी जरा दचकलोच. आत बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली उंदरांची पिल्लं होती, गोठून टणक झालेली. साप पाळणाऱ्यांच्या बोलीत पिंकी म्हणजे जन्मून चार-पाच दिवसांच्या आतलं पिल्लू. अंगावर लव आली की ते फझी, आणि डोळे उघडून उड्या मारायला लागलं की हॉपर. साप जितका जाड तितकाच जाड घास द्यायचा, म्हणून या प्रतवाऱ्या.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. शेजारीण साठीच्या पुढची. आयुष्यभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त. घरात बावीस साप. बरेचसे बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेकडचे छोटे अजगर, आणि पाच-सहा कॉर्न स्नेक, म्हणजे इथल्याच दक्षिणेकडचे, आपल्या धामणीसारखे उंदरांवर जगणारे. उंदीर किती म्हणून विचारलं तर म्हणाली, “सकाळचा आकडा सांगू की संध्याकाळचा?”

ऑगस्टमध्ये ती आठ दिवस लेकीकडे जाणार होती. “जरा घराकडे बघशील का?” म्हणाली, आणि मी हो म्हणून बसलो. मला वाटलं, सापांकडे बघायचं. तिला हसू आलं. “त्यांना हात लावू नकोस. सगळे जेवलेत, वाटीत पाणी आहे का तेवढं बघ. काम उंदरांचं आहे.”

मोठा बॉल पायथन दहा-पंधरा दिवसांतून एकदा जेवतो आणि बाकीचा वेळ वेटोळं करून पडून असतो. मनात आलं तर तो काही महिने तोंडाला काही लावतही नाही, लग्नघरातल्या रुसलेल्या व्याह्यासारखा. उंदराचं तसं नाही. त्याला रोज खाणं, रोज पाणी, आठवड्यातून निदान एकदा खालचा भुसा बदलायचा. भुसासुद्धा कुठल्याही लाकडाचा चालत नाही. सीडरच्या भुशातल्या सुगंधी तेलाने त्यांच्या फुप्फुसांना त्रास होतो, म्हणून अ‍ॅस्पेनचा. बदलायला उशीर झाला तर एस.टी. स्टँडच्या मुतारीची आठवण व्हावी असा अमोनियाचा भपकारा येतो.

आपण चिमुकला माऊस आणि थोराड रॅट या दोघांनाही उंदीरच म्हणतो आणि फार मोठा दिसला की घूस म्हणून मोकळे होतो. इथे हा फरक फार महत्त्वाचा. माऊसचे नर भयंकर वास मारतात, म्हणून तिने त्यांचे दोनच डबे ठेवलेत, पिंक्यांपुरते. बाकी सगळे रॅट. लोखंडी मांडणीवर खणांसारखे सरकणारे प्लॅस्टिकचे डबे, वर जाळी, आणि प्रत्येक डब्यात बारीक नळीच्या टोकाला पाण्याचं नोजल. एका डब्यात एक नर, तीन माद्या. मादी पोटुशी दिसली की तिला बाळंतपणासाठी वेगळा डबा. बावीसएक दिवसांत ती विते, आठ-दहा पिल्लं सहज होतात. नर तिथेच राहिला तर व्यायल्यावर दिवसभरात तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात, आणि पिल्लं पाच आठवड्यांची होतात न होतात तोच स्वतः आईबाप व्हायच्या तयारीत. त्यामुळे सगळी कसरत वाढवायची नसून आवरायची असते. कोण कुठल्या डब्यात, कधी व्यायली, किती जगली, हे सगळं एका जाडजूड वहीत. नावं कुणालाच नाहीत, फक्त आकडे.

एवढं करून पैसे वाचतात का? फारसे नाहीत, असं तिचंच म्हणणं. खाद्याची पोती, भुसा आणि उन्हाळ्यात तळघर थंड ठेवायची वीज धरली तर दुकानातला गोठवलेला उंदीर फार महाग पडत नाही. पण तिचे दोन अजगर गोठवलेल्याला तोंड लावत नाहीत, त्यांना ताजाच लागतो. शिवाय उंदराने स्वतः काय खाल्लंय, हे तिला माहीत असतं.

जिवंत उंदीर मात्र ती सापापुढे कधीच टाकत नाही. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला फाडतो. तिच्या एका मादीच्या पाठीवर तो जुना व्रण अजून दिसतो. उंदीर आधी कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत मारायचा. वायू एकदम सोडला तर जीव तडफडतो. इथल्या पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के, इतक्या सावकाश भरायचा. नवजात पिल्लांवर या वायूचा परिणाम फार उशिरा होतो, त्यांना कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. हे ती सांगत होती तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो. ती पेटी मी उघडणार नाही, असं मी आधीच कबूल करून घेतलं होतं.

हातमोजे आणि मास्क मात्र तिने माझ्याकडून कबूल करून घेतले. २०१६ च्या डिसेंबरात शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये घरी रॅट वाढवणारा एक माणूस तापाने इस्पितळात पोचला आणि रॅटकडून माणसाला लागणारा सोल विषाणू सापडला. मग माग काढत काढत ११ राज्यांतल्या पैदासघरांत तो निघाला, १७ माणसांना लागण झालेली होती. सुरुवातीच्या रुग्णांत आमच्या इलिनॉयचेही होते.

त्याच आठवड्यात नागपंचमी आली. आईचा फोन. आमच्याकडे त्या दिवशी विळी वापरत नाहीत, तवा चढवत नाहीत, पुरणाची दिंडं उकडतात. मी खरं काय ते सांगून टाकलं. ती गप्प. मग म्हणाली, “म्युन्सिपाल्टीची माणसं रात्री काठी आणि बॅटरी घेऊन आपल्या चाळीमागे यायची, आठवतं ना? रात्रीचे तीस उंदीर मारून सकाळी मोजून द्यायला लागायचे त्यांना. आणि तू तिकडे त्यांना खाऊ घालतोयस!” थोड्या वेळाने, “साप दूध पितात का रे तिकडचे?” नाही म्हटलं. “इकडचेही पीत नाहीत म्हणा,” असं म्हणून तिने विषय संपवला.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. शेजारीण जाताना बजावून गेली होती, प्रत्येक नोजलला बोट लावून थेंब येतो का बघ. पहिले तीन दिवस मी पाळलं. त्या सकाळी ऑफिसची घाई होती, वरची टाकी भरलेली दिसली आणि मी निघालो. संध्याकाळी ११ नंबरच्या डब्यातलं खाद्य जसंच्या तसं. उंदराला पाणी मिळालं नाही की तो खातही नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नोजल भुशाने तुंबलेलं. आदल्या रात्री नऊ पिल्लं मोजली होती, आता चार होती. बाकीची आईनेच खाल्ली होती. एकाचं अर्धं अंग कोपऱ्यात पडलं होतं. मी तशाच हातमोज्यांनी जिन्यावर बसून राहिलो.

फोनवर शेजारीण रागावली नाही, तेच जास्त लागलं. “वाटीत पाणी ठेव. दुसरं नोजल ड्रॉवरमध्ये आहे. वहीत चार लिही.” मी चार लिहिलं. माझं अक्षर तिच्या रकान्यात मावलं नाही.

ती चार वाचली. तीन पुढे कुठे गेली ते मी विचारलं नाही. चौथी मादी तिने पैदाशीसाठी ठेवली आहे, वहीत तिची नोंद ‘११-ब’. तिच्याकडे कॉफीला गेलो की मी अजूनही आधी तळघरात उतरतो आणि ११ नंबरच्या नोजलला बोट लावून बघतो.