तिसऱ्या रांगेपासून सुरुवात

रविवार, रात्री

सात सीटची गाडी घ्यायची म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' दुसरा, 'एसी मागपर्यंत लागतो का?' माझ्या मते या दोन्हींच्या आधी तिसरी रांग बघायला हवी. अ‍ॅव्हरेजचा फरक रुपयांत मोजता येतो आणि वेळ पडली तर सोसताही येतो. तिसऱ्या रांगेत माणूस मावत नसेल, तर पाच सीटचीच गाडी घेऊन वरच्या दोन सीटचे पैसे फुकट गेले म्हणायचे.

शोरूममध्ये पुढची सीट पार पुढे ओढलेली असते, मधली तिच्याही पुढे, आणि मग मागे बसवून विचारतात, 'बघा सर, किती जागा!' अशाने काही कळत नाही. रोज गाडी चालवणाऱ्याने आधी आपली सीट आपल्या उंचीला लावावी. मधल्या रांगेत घरातला सर्वात उंच माणूस बसवावा आणि त्याच्या गुडघ्यापुढे चार बोटं राहतील एवढीच ती रांग मागे न्यावी. उरेल ती जागा तिसऱ्या रांगेची. तिथे निदान दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचं. मागची चाकं याच भागात येत असल्याने तिथे तळ उंच असतो आणि गादी जमिनीलगत राहते. त्यामुळे गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळं वजन कंबरेवर पडतं. वर्ध्यापर्यंत ते जाणवणार नाही, यवतमाळपर्यंत मात्र पाठ बोलायला लागते. मधल्या सीटखाली पावलं सरकवायला जागा असेल तर बराच फरक पडतो, म्हणून तेही वाकून पाहावं. डोक्यामागे मागची काच किती लांब आहे, उशी वर करता येते का, तिन्ही टोकांना अडकणारा बेल्ट दोघांनाही आहे का, आणि खिडक्यांवर उघडणारी पडदा एअरबॅग असेल तर ती तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे तिथेच बसून विचारायचं.

चढणं-उतरणं हा वेगळाच विषय. मधली सीट दुमडून पुढे लोटायची, उंबरठ्यावर पाय ठेवायचा, कंबरेत वाकून आत शिरायचं आणि वळून बसायचं. गुडघे दुखणाऱ्या आजींना हे जमत नाही, म्हणून सगळे म्हणतात, 'मागे पोरं बसतील.' ठीक आहे, पण गाडी आठ-दहा वर्षं वापरली जाते आणि आज दहा वर्षांचा असलेला मुलगा तोवर सहा फुटांना टेकलेला असतो. कियाच्या कॅरेन्सच्या काही मॉडेलांत मधली सीट बटण दाबल्यावर आपोआप दुमडते, ही सोय खरोखर कामाची. मधे दोन सुट्या कॅप्टन सीट असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ मारुतीच्या एक्सएल ६ मध्ये, मधल्या वाटेने मागे जाता येतं. मात्र तिथे एक माणूस कमी होतो आणि वाट पिशव्यांनी भरते.

गाडीची लांबी सगळे विचारतात, पण आतली जागा जास्त करून व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर ठरते. रेनोची ट्रायबर साधारण ३९९० मिमी लांब, व्हीलबेस २६३६. मारुतीची अर्टिगा ४४३५ आणि २७४०. रूमियन म्हणजे टोयोटाच्या नावाने विकली जाणारी अर्टिगाच. कॅरेन्स ४५४० आणि २७८०. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस ४७५५ आणि २८५०. घेण्याआधी घरचं पोर्चही टेपने मोजावं, दार पूर्ण उघडायला लागणारी जागा धरून. महाल, इतवारीच्या गल्लीत राहणाऱ्याला हायक्रॉसची १८५० मिमी रुंदी रोज सकाळी आठवेल.

डिकीचे लिटर बघून फसू नये. तिन्ही रांगा उघड्या असताना ट्रायबरमध्ये ८४ लिटर, अर्टिगात २०९, कॅरेन्समध्ये २१६. दोनशे लिटर म्हणजे एक मधली बॅग उभी आणि तिच्या आजूबाजूला कापडी पिशव्या. सात जण अमरावतीला लग्नाला निघाले तर आहेराच्या साड्या आणि फळांच्या करंड्या मांडीवर येणार. ट्रायबरची तिसरी रांग पूर्ण काढून घरी ठेवता येते आणि मग डिकी ६२५ लिटरची होते. पाच जण नेहमीचे आणि कधीतरी दोन पाहुणे, अशा घराला हे चांगलं जमतं. ज्यांना दर पंधरा दिवसांनी सात माणसं सामानासकट न्यायची आहेत, त्यांनी घरच्याच बॅगा शोरूममध्ये नेऊन भरून पाहाव्यात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वजनाकडे कुणी बघतच नाही. सात माणसं सरासरी ६५ किलोची धरली तरी ४५५ किलो, वर सामान. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि गाडीवरच्या पाटीवर भरलेल्या गाडीचं कमाल. त्यांची वजाबाकी करा, मग छतावर कॅरिअर लावायचा की नाही ते ठरवा.

सोमवार

आता इंधन. कंपनी जो आकडा सांगते तो प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो. एसी बंद, वेग जास्तीत जास्त ताशी ९०, गाडीत सात माणसं नाहीत. अर्टिगा पेट्रोल मॅन्युअलचा जाहीर आकडा लिटरला २०.५१ किलोमीटर आहे. बर्डी-धरमपेठच्या सिग्नलांत एसी लावून ११ ते १३ आणि मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या वेगाने १७-१८ मिळाले तर गाडी व्यवस्थित आहे असं समजावं. त्यात आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. अ‍ॅव्हरेज थोडं घसरलं की लगेच इंजेक्टर साफ करून घ्यायला धावू नये.

मोजायचं तर टाकी फुल्ल करून. नोझल पहिल्यांदा बंद पडला की तिथेच थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, अर्धी टाकी जाळून त्याच पंपावर पुन्हा तसंच भरायचं आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. काटकन बंद झाल्यावर 'साहेब, राउंड फिगर करू का' म्हणत वर ओतलेलं पेट्रोल हिशेब बिघडवतं. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा चढाच असतो.

डिझेलचा हिशेब करून पाहू. वर्षाला १२ हजार किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१ धरू. पेट्रोल गाडीने १३ दिले तर वर्षाला सुमारे ९७ हजार रुपये, डिझेलने १७ दिले तर सुमारे ६४ हजार. वाचले ३३ हजार. तेच मॉडेल डिझेलमध्ये दोन लाखांनी महाग असेल तर वसुलीला सहा वर्षं लागतात. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीला रस्ता कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त: १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२, डिझेलवर १४. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते ही भीती दिल्ली आणि आसपासच्या भागातली, आपल्याकडची नाही. खरी अडचण डीपीएफची. एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी ही जाळी साफ व्हायला इंजिन काही वेळ एकसारख्या वेगाने तापलेलं लागतं. मनीषनगर ते शाळा, शाळा ते बाजार एवढंच चालणाऱ्या गाडीत ती साफसफाई दर वेळी अर्धवट राहते आणि मग दिवा लागतो. दिवा लागला की त्याच दिवशी वर्धा रोडवर ताशी ६०-७० ने पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालवावी. महिनाभर दुर्लक्ष केलं तर वर्कशॉप गाठावं लागतं. ज्यांचं बहुतेक चालणं शहराबाहेर आहे आणि वर्षाला २० हजारांच्या वर जातं, त्यांच्यासाठी डिझेल आजही चांगलं.

सीएनजीचं गणित नागपुरात मुंबई-पुण्यासारखं बसत नाही. २०२२ साली इथला दर किलोला १२० रुपयांवर गेला होता. अर्टिगा सीएनजीने एका किलोत २० किलोमीटर दिले तर त्या दराने किलोमीटरला ६ रुपये पडतात. पेट्रोलने १४ दिले तर साडेसात. बचत दीड रुपया, आणि गाडीचा फरक साधारण लाखभर धरला तर वसुलीला ६५ हजारांवर किलोमीटर हवेत. दर ९० झाला की बचत तीन रुपयांवर जाते आणि तीच वसुली ३३ हजारांत होते. म्हणून आजचा दर आणि घरापासून पंपाचं अंतर, दोन्ही पाहून ठरवावं. सिलिंडर डिकीत बसतो, म्हणजे सात माणसं बसली की बॅग ठेवायला जागाच नाही. वजनही शंभर किलोच्या आसपास वाढतं आणि चढावर पिकअप मंद होतो. एकट्याच्या रोजच्या कामाला ही गाडी ठीक, सहकुटुंब प्रवासाला नाही.

हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेल्या गाडीची, मजा शहरात आहे. सिग्नलवर इंजिन बंद, ब्रेक मारला की बॅटरी भरते, त्यामुळे हायक्रॉस हायब्रिड गर्दीतही १६-१७ देऊ शकते, आणि एवढ्या मोठ्या गाडीला ते पुष्कळ आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर ११० ने चालवली की हा फायदा आटतो, कारण तिथे ब्रेकच फारसा लागत नाही. साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा ती पाच-सहा लाखांनी वर जाते. वर्षाला १२ हजार किलोमीटरवर वाचतात ४० हजारांच्या आसपास. केवळ पैसे वाचवायला म्हणून ती घेऊ नये. शांत चालते, जागा भरपूर आहे आणि भारत एनसीएपी या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, ही कारणं खरी.

एक गोष्ट करातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीला ४०. ट्रायबर १८ मध्ये बसते, अर्टिगा आणि कॅरेन्स ४० मध्ये. ट्रायबर आणि या दोघींच्या किमतीतलं अंतर काही अंशी यातूनच आलेलं आहे. पण ट्रायबरच्या इंजिनाची ताकद ७२ पीएसचीच. सात माणसं, एसी चालू आणि परतवाड्याच्या पुढे चिखलदऱ्याचा घाट म्हटलं की दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही, एसीही मधूनमधून बंद करावा लागतो. शहरात हेच इंजिन पुरेसं आहे.

बुधवार

उन्हाने अंगाची लाही होत असताना टेस्ट ड्राइव्ह घ्यायची ती दुपारी एक ते तीनमध्येच. २३ मे २०१३ ला नागपूर ४७.९ अंशांवर गेलं होतं, त्या शहरात सकाळी दहाला एसी तपासण्यात काय अर्थ! गाडी अर्धा तास उन्हात उभी करून ठेवायला सांगा, सातही सीट भरा, काचा दोन मिनिटं उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्या आणि मग एसी लावा. वीस मिनिटांनी तिसऱ्या रांगेतल्या माणसाला घाम येत असेल तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, ती गाडी विदर्भाची नाही. मागच्या एसीला स्वतःची कूलिंग कॉइल आहे की नुसता पंखा आहे, हे विचारलंच पाहिजे. पंखा पुढची थंड हवाच मागे ढकलतो. पुढच्यांनी झडपा स्वतःकडे वळवल्या की मागे झळाच येतात. मागच्या बाजूच्या काचेला पडदा लावून पाहावा, त्याने बराच आराम पडतो. काचेवर फिल्म लावायची असेल तर आधी नियम बघून घ्यावा, नाहीतर चालान.

समृद्धीवर निघालात तर वेगाने खिसा कसा रिकामा होतो ते बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० वर गेलात की तो जवळपास पावणेदोन पट होतो, आणि या गाड्या उंच, पाठीमागे सरळ कापलेल्या. १८ देणारी गाडी १३-१४ वर येते, छतावर कॅरिअर असला तर आणखी खाली. शिवाय टोल. एप्रिल २०२५ पासून हलक्या वाहनाला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, म्हणजे ७०१ किलोमीटरचे सुमारे १४४५ रुपये. १४ देणारी आणि १७ देणारी गाडी यांच्या इंधनातला फरक किलोमीटरला १ रुपया ३० पैसे पडतो, टोल त्याहून जास्त. त्या दोन गाड्यांवर घरात महिनाभर वाद घालणाऱ्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवावा.

टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हवेचे दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. पंपावरचा पोरगा विचारतच नाही, सगळ्यांत ३२ मारून देतो. भरलेल्या गाडीत हवा कमी असली की टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते, आणि मे महिन्याच्या काँक्रीटवर ती फुटायला वेळ लागत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. टायरवर शेवटी चार अंकी आकडा असतो. २२१९ म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. खाच शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर लांबच्या प्रवासाला नको.

जुनी इनोव्हा किंवा अर्टिगा बघत असाल तर पांढऱ्या नंबरपाटीआधी ती पिवळ्या पाटीवर, म्हणजे टॅक्सी म्हणून, होती का, हे एमपरिवहन अ‍ॅपवर आणि आरसीत पाहून घ्या. मीटर मागे फिरवता येतो. तिसऱ्या रांगेच्या बेल्टची कड, पायरीवरचं घासलेलं प्लास्टिक आणि मधली सीट दुमडण्याच्या लिव्हरचा ढिलेपणा मात्र लपत नाही.

नवी असो की जुनी, ताब्यात घेताना स्टेपनी एकदा उतरवून पाहा. यातल्या बऱ्याच गाड्यांत ती पोटाखाली साखळीला टांगलेली असते आणि ती सोडायचं बोल्ट डिकीच्या तळात. जॅक आणि पान्हाही तिथेच, सगळ्या सामानाच्या खाली. ते दोन्ही काढून पुढच्या सीटखाली पट्ट्याने नीट बांधून ठेवावेत, नाहीतर बुटीबोरीच्या पुढे पंक्चर झालं की आधी आहेर रस्त्यावर उतरवावा लागतो.