जानेवारीत पास झालेली फिल्म

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे, त्यात प्रयोगशाळेचा कूलर बंद. मावशी जुन्या नमुन्यांचं कपाट पुसत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "मॅडम, हे तर हातातच मोडून राहिलं ना."

त्यांच्या हातात जखमेवर लावायच्या ड्रेसिंगचं पाकीट होतं, पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या फिल्मचं. जंतू मारण्यासाठी गॅमा किरणांची 25 किलोग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा घेऊन आलेली हीच बॅच मी जानेवारीत तपासली होती. तेव्हा डंबेलच्या आकाराची पट्टी यंत्रावर कितीतरी पट ताणली गेली आणि मगच तुटली. निर्जंतुकतेची 14 दिवसांची चाचणीही स्वच्छ. खाली सही माझी.

मी लगेच नवी पट्टी कापायला घेतली, तर ती कापतानाच चिरली. दुसरी कशीबशी यंत्रात बसवली. ताण पडला न पडला तोच पळसाच्या वाळक्या पानासारखी तुटली.

कोबाल्ट-60 मधून निघणारे हे गॅमा किरण जंतू आणि प्लास्टिक असा भेद करत नाहीत. जंतूचा डीएनए तुटतो, तशाच पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या, लांब साखळ्याही तुटतात. पॉलिइथिलीन या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये त्या बऱ्याचशा एकमेकींना बांधल्या जातात, म्हणून ते निभावतं. पॉलिप्रोपिलीनमध्ये तुटणंच वरचढ ठरतं. त्यातून खरा घात नंतर होतो. स्फटिकी भागात अडकलेले फ्री रॅडिकल (किरणांमुळे तयार झालेले, चटकन कशाशीही जुळणारे रेणूंचे भाग) हळूहळू सुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि महिनोन्‌महिने साखळ्या कापत राहतात. उकाड्यात हे आणखी वेगानं होतं. हे सगळं मी मुलांना शिकवलेलं आहे. तरी जानेवारीत पट्ट्या तपासल्या त्या विकिरणानंतर दोनच दिवसांनी, आणि पुढच्या चाचण्यांच्या तारखा लावल्याच नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ताकदीचा अहवाल एका फायलीत, निर्जंतुकतेचा दुसऱ्या, आणि मी दोन्ही वेगवेगळे वाचले होते. पण पाकिटाला केसाएवढी चीर गेली की आतलं ड्रेसिंग निर्जंतुक राहणार कसं? अन् ते लागणार भाजलेल्या माणसाच्या उघड्या जखमेवर!

त्याच संध्याकाळी कंपनीला फोन केला. बॅचचा नंबर सांगितला, माल कुठं कुठं गेला ते विचारलं, वापर थांबवायला सांगितलं.

"पण मॅडम, तुमचा अहवाल तर पास होता."

"हो, सही माझीच आहे. म्हणूनच मी फोन करतेय."

मग रात्री उशिरापर्यंत कपाटातल्या बाकीच्या बॅचच्या पट्ट्या कापत बसले. मावशीही घरी गेल्या नाहीत.